माझ्या पेटीतला रंग

दीपमाला पाचगणीच्या एका शाळेच्या भटारखान्यात दोनशे पोरींच्या चपात्या लाटायची. सकाळच्या एसटीनं वर, संध्याकाळच्या एसटीनं खाली. नवरा सोपान टेम्पो चालवायचा आणि तिला मारायचा. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे बहिरे होते.

मी त्यांचा शेजारी. उमेदीच्या काळापासून नाटक कंपनीत बायकांची कामं केली. माझ्या सासुरवाशिणीच्या गालावरचे वळ बघून सांगलीचं थिएटर हुंदके द्यायचं. ते वळ मीच काढायचो, निळ्यात थोडं तांबडं घालून.

ब्याण्णव साली ती दारात उभी राहिली. "मामा, शाळंतली बाई म्हणती, असलं तोंड घिऊन येऊ नगं, पोरी भित्यात. तुमच्या रंगाच्या पेटीत काय असंल तर लावा."

मी लावलं. वर्षभर लावत राहिलो. त्याला मी मदत म्हणत होतो.

एका सोमवारी सोपाननं तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. बायकोचा छळ करणाऱ्याला तुरुंगात घालणारं कलम आहे, हे तिला शाळेच्या नर्सबाईनं सांगितलं होतं. ती ठाण्यावर निघाली. मीच म्हणालो, "थांब पोरी. साहेबापुढं जायचं, जरा नीट दिस." आणि सवयीनं सगळं झाकून टाकलं. मग तिच्याबरोबर गेलो.

हवालदारानं बघून लिहिलं : चेहऱ्यावर जखम दिसत नाही. मी धावत जाऊन खोबरेल आणलं, तिथंच तिचा गाल पुसला. खालचं जांभळं वर आलं. तो हसला.

"आवं मामा, ह्यो खेळ कंपनीत करा. लिवल्यालं आता खोडता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याचा दाखला मिळाला. चार खेटे घातल्यावर गुन्हा दाखल झाला. खटला चार वर्षं चालला. तोवर ती आईकडं, दोन्ही पोरं सोपानकडं.

मी तिचा साक्षीदार. सोपानच्या वकिलानं आधी हवालदाराची ती ओळ वाचली, मग मला विचारलं, "मारल्याचा वळ रंगानं काढता येतो?"

"येतो."

"तुम्हाला?"

"चाळीस वर्षं काढला."

कोर्टात हशा पिकला. जन्मात पहिल्यांदा मला हशा नकोसा झाला.

ठाण्यावर जखम नव्हती, दाखला दुसऱ्या दिवसाचा, म्हणून संशयाचा फायदा मिळून सोपान सुटला. पायऱ्यांवर मला वाकून म्हणाला, "मामा, लय उपकार झालं." दीपमाला पोरांसाठी त्याच घरात परत गेली.

परवा तिचा डोळा सुजलेला दिसला. मी पेटी उघडली.

"नगं मामा. झाकून झाकून तर हितवर आली."

तशीच उघड्या तोंडानं स्टँडवर गेली. रांगेतली माणसं एसटीची पाटी वाचत उभी राहिली. संध्याकाळी उतरणारी दीपमाला त्या दिवशी दुपारीच परत आली. शाळेनं कामावरून काढून टाकलं होतं.