टायर एक नंबर मोठा

परवा गाडीचा मागचा टायर बदलायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "एक नंबर मोठा टाका की, बसतोय." मी जुन्याच मापाचा मागितला. मोठ्या टायरचं नाव निघालं की मला आई आठवते. आधी हसू येतं, मग फार चुकल्यासारखं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. मोटरसायकल जरा दणकट दिसावी म्हणून त्यांनी हौसेनं मागचा टायर मोठा टाकून घेतला. आईचं माहेर होटगी. दर रविवारी ती अण्णांच्या मागे एका बाजूला बसून तिकडे जायची. आठवड्याचा तिचा तेवढाच विसावा. त्या रविवारी तिनं पाय फूटरेस्टवर ठेवला, पण अंग काही वर उचलेना.

"गाडी लई उंच करून ठिवलीय तुमी," ती म्हणाली. "जावा एकटेच."

अण्णा सगळं सुतानं मोजायचे, अगदी माझं मनगटसुद्धा. घरातला टेप नुसता शोभेला. त्यांनी जिन्याखालचा जुना टायर काढून त्याच्याभोवती सूत गुंडाळलं. मग चाक फिरवत तेच सूत नव्या टायरला लावलं. ते कमी पडलं.

"दोन-तीन बोटं फरक हाय," ते म्हणाले.

"बगा. मी काय उगं म्हणत हुते व्हय?" आईचा चेहरा एकदम खुलला.

आता तो फरक होता घेराचा. उंचीत त्यातला जेमतेम नखाएवढा येणार. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण अण्णांनी असं पाहिलं की मी मुकाट्यानं पाणी आणायला आत गेलो. आई हल्ली कठडा धरून जिना चढायची, उठताना जमिनीला हात टेकायची. मला ते रोज दिसत होतं, पण मनावर घेतलं होतं अण्णांनी.

त्याच आठवड्यात ते पुन्हा जुन्या मापाचा टायर टाकून आले. रविवारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, पदर खोचला, पाय ठेवला. अंग उचललं नाही. सीटला धरून ती तशीच उभी राहिली. आता टायरला बोल लावायची सोय नव्हती. होटगी सुटली, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अण्णांनी वाकून मागचं शॉकअप दाबून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"शॉकअपच वर आलंय की गं. गाडीच बिघडली."

जुनं शॉकअप खाली बसतं, वर येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी गाडी ओट्याला टेकवून धरली. आई ओट्यावरून अलगद मागे बसली आणि गल्ली संपेपर्यंत गाडीला नावं ठेवत राहिली. एरवी त्या गाडीबद्दल कुणी वावगं बोललेलं अण्णांना खपायचं नाही. त्या दिवशी ते नुसते "व्हय, व्हय" म्हणत गेले.