फोनवरचा मुराळी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपुरतीच शाळा झाली, त्याबद्दल माफी असावी. पण हे तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी नाशकात इंदिरानगरला आले. माहेर नामपूरकडचं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाऊ मुराळी होऊन एसटीने मला न्यायला यायचा. सासूबाईंच्या हातचा चहा घ्यायचा, माझी पिशवी उचलायचा आणि मी त्याच्या मागे ताठ मानेने निघायचे.

मग कांद्याचे भाव विचारायला त्याने मोबाईल घेतला. त्या आखाजीला शेजारणीच्या घरी फोन आला.

"माले टाईम नही शे, ताई. तूच बस धरीसन ये. भाडं ट्रकवाल्याकडे धाडेल शे."

भाडं आलं, भाऊ नाही. हमालाला मजुरी धाडावी तसं! सासूबाई हसल्या, "यंदा मुराळी फोनमधूनच आला का गं? मग सांजोऱ्याही फोनमधूनच खा."

मी गेले नाही. ते पैसे घरच्या गॅसला गेले, आणि माझ्या जिवाला लागून राहिले. लोक म्हणायचे, फोनने माणसं जवळ आली. माझ्याकडे तर यायचीच बंद झाली. मोटारसायकलवर तो रोज बाजार समितीत जायचा, तेव्हा बरा टाईम असायचा!

पुढच्या आखाजीला पुन्हा फोन. मी नाहीच म्हणणार होते, पण आईने फोन मागून घेतला. तिला त्यात बोलायची सवय नव्हती. एवढंच म्हणाली, "येशी ना, माय?"

पापड लाटून जमवलेले पैसे पदराला बांधून मी एकटी निघाले. गाडी कुठली, हे कंडक्टरला दोनदा विचारलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, सटाण्याला गाडी बदलली.

नामपूरच्या स्टँडवर भाऊ उभा होता, कानाला फोन लावून. मला बघून हसला, "जमनं ना? आते दरसाल असंच येत जा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथेच पदराची गाठ सोडली. "हे मागल्या सालचं भाडं."

"बहीणना पैसा लेऊ का मी?"

"बहीणले लेवाले टाईम नही, मंग पैसा लेवाले कसानी लाज?"

चार माणसांत मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. त्याने फोन खाली घेतला, पण हात पुढे केला नाही. मग मीच नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. पैसे पूर्ण होते.