बहिणीच्या दारावरून चाकांचं घर

होय गो बायांनो, मजा आली! मुलाने भाड्याने आणलेली कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच. केरीपासून दर्याकडेने खाटेवर लोळत फिरले. सुनेला म्हटलं, "बघ, सासू झोपूनसुद्धा गावभर भटकते!"

हरमलला माझी थोरली बहीण राहते. आमचे हे गेल्यापासून मला चारचौघांत 'बिचारी' म्हणते. आज ती अंगणातच होती. मी खिडकीतून हात केला.

"आलीस गो! थांब, च्या ठेवते," म्हणत ती आत धावली.

मुलाने विचारलं, "आई, थांबूया?"

"एवढी गाडी इथे मावायची नाही. चल पुढे."

कप घेऊन ती बाहेर आली असेल. आता फोन करून काय सांगू, तुम्हीच सांगा.

गाडी मावत होती. मला तिला नुसतं जळवायचं होतं.