बेंचवर एक कोळीण हवी

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची जेवढी काळजी रोह्यातल्या आमच्या मामेसासऱ्यांना, म्हणजे बायकोच्या मामांना आहे, तेवढी खुद्द हेगमध्ये कुणाला असेल असं मला वाटत नाही. मामा कोर्टातले निवृत्त बेलिफ. उभा जन्म लोकांच्या दारावर समन्स चिकटवण्यात गेला. आता सकाळी चहाबरोबर मोबाईलवर तिथल्या सुनावण्या लावून बसतात. इंग्रजी निम्मंच कळतं, पण कोणता न्यायाधीश आधी प्रोफेसर होता, कोण राजदूत, कोण खालच्या कोर्टात साक्षीपुरावे ऐकून आलाय, सगळं तोंडपाठ. नवा न्यायाधीश पुन्हा प्रोफेसरच निघाला की यांचा चहा निवतो. "सगळेच पुस्तकातले घेतले, तर साक्षीदार थापा मारतोय हे ओळखणार कोण?" घरातही हाच कायदा. लग्नाआधी मला पारखायला त्यांनी एक वकील, एक कंपाउंडर आणि एक एसटी कंडक्टर आणला होता. कंडक्टरने माझ्याकडे चक्क सुट्टे मागून पाहिले.

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर पेणजवळच्या हमरापूरला मामांच्या दोन भाच्यांचं बिनसलं. थोरला मूर्ती ओततो, रंगवतो. धाकटा डोळ्यांची आखणी करतो. कारखान्याच्या वाटणीवरून धाकट्याने ब्रश खाली ठेवला. शेडभर बिनडोळ्यांचे गणपती, गिऱ्हाईक दारात, आणि हंगाम हुकला की कारखाना बंदच. मामांनी बेंच बसवला: एक वकील, धाटावच्या कंपनीतला एक सुपरवायझर आणि त्यांची नेहमीची मासळीवाली कोळीण. अध्यक्ष अर्थात मामा, हातोड्याच्या जागी लाटणं. वकिलाने साचे सामायिक ठरवले. सुपरवायझरने भावांच्या शिफ्ट वेगळ्या लावल्या, म्हणजे एकमेकांची तोंडं बघायला नकोत. कोळणीने थोरल्याच्या बायकोला विचारलं, "गो, धाकला जेवतो कुठं?"

"आमच्यातच. पन बोलत नाय."

"मंग जेवनाची शिफ्ट एकच ठेवा."

मामांनी लाटणं आपटलं. निकाल तिघांचा मिळून लागला आणि दोन-चार जेवणांतच धाकट्याने ब्रश उचलला.

आमची मूर्ती घेऊन परतताना मामांनी पेणला एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरले. आत त्यांच्या सख्ख्या भावाचं घर. वडिलांच्या शेताच्या वाटणीपासून दोघांत बोलणं नाही. "आमच्या टायमाला दोन्हीकडून वकीलच बसले होते," मामा म्हणाले. "बांध अगदी सरळ आखून दिला."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, मी येतो ना, मी मास्तर आहे, बसवा मला बेंचवर.

"एकटा मास्तर नाय चालायचा," मामा म्हणाले. पण गाडीत काही ते लगेच बसले नाहीत.