पुट्टम्माचा हातगुण

हे आईला ठाऊक नाही, नवऱ्याला नाही, ज्यांच्याबरोबर वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी जनावरांची डॉक्टर, पण दवाखाना कधी थाटला नाही, संशोधनात गेले. आमच्या तीन पिढ्या म्हैसूरच्या अग्रहारात, जुन्या ब्राह्मणवस्तीत गेल्या, मी तिथल्याच विजयनगर भागात घर बांधलं. माझं काम थोडक्यात सांगायचं तर — दुधातून औषध घालवायचं. गायीची कास सुजली की लोक सरसकट अँटिबायोटिकची सुई टोचतात, आणि ते औषध दुधातून पोराबाळांच्या पोटात जातं. त्याऐवजी कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप. भाषणात हे मी फार छान सांगते. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांची आता मला शिसारी येते.

तलकाडजवळच्या एका गावात आम्ही या लेपाची चाचणी घेतली. पाट्यावर लेप वाटायला पुट्टम्मा होती — पन्नाशीची, घरी दोन गायी. तिच्या हाताला गुण आहे असं गाव मानायचं. कन्नडमध्ये त्याला कैगुण म्हणतात. कुणाची गाय अडली, कुणाचं वासरू पिईना, की तिला बोलावणं यायचं. तिनं हात फिरवला की माणसंही निर्धास्त व्हायची. मी मनातून हसायचे, पण तिनं वाटलेला लेप लोक बिनबोभाट लावत — मला तेवढं पुरे होतं.

बऱ्याच गायी खरंच बऱ्या झाल्या. हे खोटं नाही — बघा, लागले की नाही लगेच स्वतःची बाजू घ्यायला!

तिचीच एक गाय सुधारेना. चौथ्या दिवशी सडातून रक्ताळलेल्या गाठी पडत होत्या, घाण वास येत होता. आणि आठवडाभरात पाहणीला मोठी मंडळी येणार होती, तीही याच गोठ्यात. त्या गायीला उघडपणे सुई द्यायची, चाचणीतून वगळायचं आणि वहीत तसं लिहायचं — नियम एवढा सोपा होता. पुट्टम्मा माझ्यासाठी कॉफी करायला आत गेली आणि मी गायीच्या मानेत सुई टोचली. पुढचे दोन दिवसही तसंच. वहीत लिहिलं — लेपाने बरी.

तिसऱ्या दिवशीची कॉफी त्याच गायीच्या चांगल्या सडांतल्या दुधाची होती. समोर पुट्टम्माची नात पेलाभर दूध पीत बसली होती. पिऊ नकोस म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी कॉफी संपवली. छान झाली आहे, असंही म्हटलं. शी!

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही काही वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडलं. पण मी अजून खऱ्या गोष्टीपाशी आलेलेच नाही.

मग आमची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर पुट्टम्माचे हळदीने माखलेले हात. आत मी लिहिलेलं — पाच दिवस लेप लावा, सुईची घाई करू नका. नातीनं तिला ते वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी शेजारच्या शिवण्णाची गाय तशीच आजारी पडली. तो डॉक्टरला बोलावणार होता. पुट्टम्मानंच त्याला थांबवलं. माझी नाही का बरी झाली? पाच दिवस तिनं स्वतः लेप लावला. सहाव्या दिवशी कास थंडगार, निळी पडली आणि गाय गेली.

ती बसनं म्हैसूरला आली, पत्ता विचारत माझ्या दारात. चपला काढून पायरीवरच बसली. आई आतून म्हणाली, "अगं, बाहेर काय बसवलंस तिला? ऊट झाला का, जेवलीस का, विचार की, जेवून जाईल." पुट्टम्माचं लक्ष नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, मग स्वतःचे तळवे बघत विचारलं, "मेडम, नन्न कैगुण होय्ता?" — माझ्या हाताचा गुण गेला का?

गाय का मेली हे मला ठाऊक होतं. तुझी सुईनं वाचली, त्याची सुई न मिळाल्यानं मेली — एवढंच तर सांगायचं होतं. आई ऐकत होती. भिंतीवर माझी मानपत्रं होती. मी म्हणाले, "इरबहुदु." असेल.

वर, लेप वाटताना हात नीट धुतले होते का, असंही विचारलं. अगदी शास्त्रज्ञाच्या आवाजात. आणि ती बिचारी खरंच आठवायला लागली! इतकी नीच मी असेन असं मला तोवर वाटलं नव्हतं.

त्यानंतर तिनं कुणाच्या जनावराला हात लावला नाही. गावानं बोलावलंही नाही. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेले तेव्हा तिची सून धार काढत होती आणि पुट्टम्मा गोठ्याच्या दाराशी, हात पदराखाली घेऊन उभी. तिला बघून गाय हंबरत होती. ती आत गेली नाही.

मी विद्यार्थ्यांना पुस्तिका वाटल्या. मुखपृष्ठावर तेच हात. एक तिच्यापुढेही धरली. तिनं पदर पसरला आणि पुस्तिका पदरात घेतली, हात न लावता.