न लागणारं ऊन

सकाळी हॉलमध्ये आले तर बाबा कानटोपी घालून खिडकीशी बसलेले आणि खिडकी सताड उघडी. घरभर गार वारा. डोकंच फिरलं. ही खिडकी मे महिन्यात त्यांच्याच हट्टापायी बदलली. नागपूरचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून चांदीचा, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर दिलेली काच आणली. उजेड आत येतो, उष्णता बाहेरूनच परतते.

"बाबा, खिडकी लावा. काचेतून ऊन येतंय की."

"येतंय, पण लागत नाही."

मी चिडून खिडकी लावली. उन्हाचा पिवळा तुकडा त्यांच्या मांडीवर तसाच होता. हात ठेवून पाहिला, तर ऊब जेमतेम. आता काचेवर तरी किती चिडायचं? अडवायला सांगितलं, ती अडवतेय. कधीपर्यंत, ते आम्ही सांगितलंच नव्हतं. वैतागाच्या भरात आपण किती गोष्टी अशा कायमच्या बंद करून टाकतो, आणि मग हिवाळा येतो.

बाबांनी मांडीवरचे हात शालीत घेतले.

मी खिडकी उघडली आणि माझा स्वेटर आणायला गेले.