फुंकून पाहिलेली छत्री

मला राग आला की मी दुकानातले दोर गुंडाळायला घेतो. गुंडाळलेले असले तर उलगडतो आणि पुन्हा गुंडाळतो. गेल्या खंडेनवमीपासून आमच्या दुकानातली वेटोळी इतकी देखणी दिसतात की गिऱ्हाइकं कौतुक करतात. त्यांना काय माहीत.

बाजारहत्नूरला आमचं दोर आणि ताडपत्रीचं दुकान. मागे घर, घरामागे विहीर आणि भाजीचे चार वाफे. एकुलती एक लेक बंगळुरूला कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की परदेशात जाऊन कड्यावरून उडी मारते. हे वाक्य मला अजून एका दमात म्हणता येत नाही. विमानातून नाही, कड्यावरून, पाठीवर एकच हवाई छत्री बांधून. विमानातून उडी घेणाऱ्याकडे जादाची दुसरी असते म्हणे. हिच्याकडे नसते, कारण दुसरी उघडायला वेळच नसतो. दोन वर्षं ती आम्हाला 'ट्रेकिंग' सांगत होती, आणि खरं कळल्यावर आम्ही गावाला ट्रेकिंगच सांगत राहिलो.

गेल्या नवरात्रात ती घरी आली होती. खंडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारं पुजतात: कात्री, तराजू, ताडपत्रीला कड्या ठोकायचा हातोडा. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बायकोनं पाट मांडला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "तुह्या कामाचं जे असन ते आन वं, ठेव इथं."

आम्हाला वाटलं लॅपटॉप आणेल. तिनं छत्रीची पिशवी आणून ठेवली आणि फोन घ्यायला आत गेली.

बायकोनं पिशवीच्या पट्ट्यांना सढळ हातानं हळदीकुंकू लावलं. मला वाटलं एवढ्यानं भागणार नाही, जीवघेणी वस्तू आहे, हिला देवाचं जरा जास्तच पाहिजे. म्हणून पिशवी उघडली आणि नारळ नेमका तिच्यावर धरून फोडला. पाणी अगदी आतपर्यंत गेलं. माझा नेम आयुष्यात इतका कधी लागला नव्हता.

लेक बाहेर आली ती ओरडतच. "बाबा! काय करून राह्यले तुमी? दोऱ्या हायेत आत!"

"देवाचं पानी हाय ते," मी म्हणालो.

"साखर असते त्याच्यात! चिकट होईन सारं, उघडन कशी?"

उघडन कशी, हे ऐकल्यावर माझी भक्ती जागच्या जागी आटली. तिघांनी मिळून छत्री सोडली आणि साध्या पाण्यानं धुतली. बायको ती गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत घालायला निघाली तेव्हा पुन्हा ओरडा झाला: उन्हानं कापड मरतं. मग पडवीत दोर बांधून सावलीत टांगली. मोठी निळी छत्री, आणि तिच्या टोकाला पट्टीनं जोडलेली एक छोटी, टोपलीएवढी. उडी मारली की ही छोटी हातानं वाऱ्यात फेकायची. ती हवा धरते आणि मोठीला पिशवीतून ओढून काढते. आम्ही तिला पिल्लू म्हणायला लागलो. तिनं हवा धरली नाही तर पुढचं काहीच होत नाही, हे लेकीनं अगदी सहज सांगितलं, भाजीत मीठ कमी पडल्यासारखं.

मी कापडाचा माणूस. हात स्वस्थ बसेना. पिल्लाचं कापड वाळलं तसं ते ओठाला लावून फुंकलं. बियाण्याच्या पिशव्यांचं कापड आम्ही असंच बघतो. पलीकडे धरलेल्या तळहाताला माझा श्वास गरम लागला. मोठ्या छत्रीचं कापड फुंकलं, तर श्वास अडला. पुन्हा पिल्लू फुंकलं. भसाभस हवा. जिथं पट्टी शिवली होती तिथं धाग्यांना मांजराच्या अंगासारखी लव आली होती.

"हे कधी बदलाचं असते?"

"तसं पक्कं काई नसते, बाबा. उड्या मोजाच्या, हात लावून पाहाचा."

"मंग तुहा हात काय म्हनते?"

ती पिल्लाची घडी घालत म्हणाली, "अजून दोन-तीन उड्या निघतीन याच्यात."

मी जो भडकलो तो अजून पुरता विझलेलो नाही. इतकी शिकलेली पोर. मोबाइलच्या काचेला चरा गेला तर त्याच दिवशी काच बदलणारी. आणि ज्या वीतभर कापडावर जीव टांगायचा, त्याच्यात दोन-तीन निघतील? कोणी मोजून ठेवलेत ते दोन की तीन? तिसरी कुठली आणि चौथी कुठली, हे कापड सांगणार आहे का तिला? मी पडवीत येरझाऱ्या घालत हे सगळं मोठ्यानं बोललो. "कात्री आन! आत्ता तुकडे करतो याचे!"

"आज कात्रीले हात नाई लावाचा," बायको म्हणाली. "पूजेची हाय."

म्हणजे रागालाही दसऱ्यापर्यंत थांबणं आलं.

लेक तोवर मागच्या दाराशी गेली होती. विहिरीच्या खांबाला आमचा अंबाडीचा जुना दोर टांगलेला असतो. दर उन्हाळ्यात मोटारीचा पाइप साफ करायला मी त्याच्यावरून, पोटासकट, विहिरीत उतरतो. तिनं तो दोर बोटांत फिरवला.

"अन् हा, बाबा? हा काऊन बदलला नाई?"

"याचं येगळं हाय. हा अजून हंगामभर निघन."

म्हणालो, आणि तोंडातली जीभ चावावीशी वाटली. हेच वाक्य मी पाच-सहा वर्षं दर उन्हाळ्यात म्हणत होतो, तिच्यासमोर. पोरीनं बंगळुरूहून नव्हे, आमच्या मागच्या दारातूनच ते उचललं होतं. आता राग कोणावर काढायचा ते कळेना. दुकानात जाऊन सगळे दोर उलगडले.

माझे वडील असते तर हा दोर कधीच गेला असता. दसऱ्याच्या सकाळी दुकान उघडण्याआधी ते घरातला वापरातला प्रत्येक दोर डोळे मिटून मुठीतून सोडायचे. शंका आली की पीळ उलटा फिरवून आत बघायचे. वरून दोर खोटं बोलतो म्हणायचे. खराब निघाला की लगेच हातहात लांबीचे तुकडे, कारण अख्खा टाकला तर कोणीतरी उचलतोच. त्यांच्यामागे मी हे बंद केलं. दोर कापताना माझा जीव कासावीस होतो. दुकानदार झालो, पण त्यांच्याएवढा नाही.

दसऱ्याला सकाळी कात्री पाटावरून उचलली आणि कोणी काही म्हणायच्या आत विहिरीचा दोर खाली घेतला. पीळ उलटा फिरवला. आतून तपकिरी भुसा गळला, माझ्या धोतरावर सांडला. बायकोनं तो पाहिला आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं. मी दोराचे तुकडे केले, हातहात लांबीचे, दातओठ खात.

"आता तुहं आन."

"दोन आठवड्यांनी जायचं हाय, बाबा. सारे येऊन राह्यले. नवं मागवलं तर यायले दीड-दोन मयने लागतात."

"मंग नको जाऊ."

तिनं आमच्यासमोरच उड्या मारणाऱ्यांतल्या एका जोडीदाराला फोन लावला. तो पलीकडून हिंदीत म्हणाला, बदलायची घाई कशाला, फोटो पाठव, मी बघून सांगतो. मी फोन तिच्या हातातून ओढला. माझं हिंदी बाजारातलं, रागात अजूनच बाजारातलं.

"बेटा, फोटो में हवा दिखती क्या? तू आ इदर, मुँह से फूँक के देख, फिर बोल!"

लेकीनं फोन परत घेतला, माझ्याकडे बघत म्हणाली, "मैं नहीं आ रही," आणि बंद केला. मग माझ्या हातातली कात्री घेतली. मी द्यायला तयार नव्हतो, मला कापायचं होतं. पण तिनं घेतली आणि पिल्लाचे चार तुकडे केले. कापताना रडली. मी जवळ गेलो नाही. रागातच होतो.

संक्रांतीच्या आधी नवं पिल्लू आलं. बंगळुरूहून तिनं व्हिडिओ कॉल केला, कॅमेऱ्यासमोर धरून फुंकून दाखवलं.

"पाहा बाबा, जाते का हवा?"

"फोनात हवा दिसते का?" मी म्हणालो.

म्हणून संक्रांतीला ते घेऊनच आली. मी दुकानाच्या दारात, उजेडात बसलो. एकेक शिवण नखानं चाचपली, पट्टी मुठीतून डोळे मिटून सोडली. शेवटी कापड ओठाला लावून जीव खाऊन फुंकलं. श्वास तसाच्या तसा माझ्या तोंडावर परत आला. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं. कुठंतरी एखादा धागा सुटलेला मिळाला असता तर आणखी दीड-दोन महिने ती कुठं जाणार नव्हती.

"काय म्हनते हात?" तिनं विचारलं.

"चांगलं हाय," मी म्हणालो. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.